राउटरला डोळे नसतात

नवा राउटर, म्हणजे लाकडात खाचा आणि आकार कापणारं सुताराचं मशीन, घेतलेला माणूस पहिली चूक बहुतेक एकच करतो. फळीवर पेन्सिलीने छान वळण काढतो, मशीन चालू करतो, दोन्ही मुठी घट्ट आवळतो आणि रेघेवरून न्यायला लागतो. पहिली चार बोटं काम झकास होतं. मग लाकडाचे रेषे जरा तिरके होतात, मशीन बाजूला ओढ घेतं आणि रेघ एकीकडे, खाच भलतीकडे. माझं असं झालं तेव्हा मला वाटलं, आपला हात अजून कच्चा आहे. दोष हाताचा नव्हता.

हिशोब करून पाहा. राउटर मिनिटाला साधारण १०,००० ते ३०,००० फेरे घेतो. २४,००० धरले तर सेकंदाला ४००. साध्या सरळ बिटला, म्हणजे राउटरमध्ये बसवायच्या कापणाऱ्या दांड्याला, दोन पाती असतात, म्हणजे सेकंदाला ८०० वेळा पातं लाकडात शिरतं आणि दर वेळी लाकूड त्याला थोडंसं ढकलून देतं. काहीतरी बिनसलंय हे डोळ्यांना दिसून हाताने सावरेपर्यंत सेकंदाचा निदान पाचवा हिस्सा जातो. तेवढ्यात १६० घाव पडून गेलेले असतात. ही शर्यत हाताने जिंकता येत नाही. म्हणून राउटरला टेकायला काहीतरी लागतं, ज्याच्या आधाराने तो हवा तिथेच जाईल आणि नको तिथे जाऊच शकणार नाही. त्या टेकूला कुणी फर्मा म्हणतं, कुणी टेम्पलेट, कुणी जिग. मी या लेखात आकार ज्यात कापलेला असतो त्याला फर्मा म्हणेन आणि मशीन किंवा लाकूड ठरावीक वाटेनेच सरकू देणाऱ्या सांगाड्याला जिग. कामाच्या जागी हा भेद कुणी फारसा पाळत नाही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८२० च्या सुमारास थॉमस ब्लँचार्ड याने बंदुकीचे लाकडी दस्ते कापणारं एक लेथ केलं. त्यात एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरायचा आणि त्याला टेकून एक चाक फिरायचं. दुसऱ्या बाजूला कोरं लाकूड फिरायचं आणि त्याला टेकून कापणारं चाक. टेकणारं चाक जसं आतबाहेर होई तसंच कापणारं चाकही होई. वेडावाकडा, कुठेच गोल नसलेला दस्ता मशीनवर हुबेहूब निघू लागला. किल्लीची नक्कल करणारं मशीन पाहिलं असेल तर तेच तत्त्व डोळ्यांसमोर आणा. एक टोक जुन्या किल्लीच्या दात्यांवरून सरकतं, दुसरं टोक नव्या किल्लीत तेच दाते पाडतं. राउटर आणि फर्मा यांचं नातं याहून वेगळं नाही.

मक्षिकास्थाने मक्षिका ही म्हण आपल्याकडे आहेच. नक्कल करणाऱ्याने मूळ पोथीत चिरडलेली माशी पाहिली आणि आपल्या प्रतीतही त्या जागी माशी मारून चिकटवली. राउटर असाच नकलनवीस आहे. फर्म्यात जे असेल ते तो उतरवणार, चूक धरून.

सगळ्या जिगांमागे एकच प्रश्न

जिगांचे प्रकार पाहिले की माणूस गांगरतो. वर्तुळाचं वेगळं, सरळ खाचेचं वेगळं, बिजागरीचं वेगळं, फळी सपाट करण्याचं वेगळं. पण खाली प्रश्न एकच आहे: मशीन टेकतं त्या जागेपासून पातं कापतं ती जागा किती लांब आहे? हे अंतर ठाऊक असलं की जिग झालं. ते चुकलं तर कितीही सुबक जिग केलं तरी खाच चुकीच्या जागी पडणार. पुढचं सगळं या एका अंतराभोवती फिरतं.

सगळ्यात सोपी स्थिती म्हणजे अंतर शून्य. बेअरिंगवालं बिट हे काम करतं. बिटवर एक छोटं बेअरिंग बसवलेलं असतं आणि त्याचा व्यास पात्याच्या व्यासाइतकाच असतो. बेअरिंग फर्म्याच्या कडेवरून घरंगळतं, पातं लाकूड नेमकं त्या कडेच्या रेषेत कापतं. फर्मा जेवढा, वस्तू तेवढीच. बेअरिंग टोकाला असेल तर फर्मा लाकडाच्या त्या बाजूला, दांड्याकडे असेल तर दुसऱ्या बाजूला. काही बिटांना दोन्हीकडे बेअरिंग असतं. ती महाग असली तरी पैसे वसूल करून देतात, का ते पुढे येईल. एक बारीक गोष्ट: बिटला धार काढली की पात्याचा व्यास किंचित कमी होतो, बेअरिंगचा होत नाही. मग वस्तू फर्म्यापेक्षा केसभर मोठी यायला लागते. बेअरिंगवर डिंक साचला तरी हाच प्रकार. हे माहीत नसलं की माणूस फर्मा तासत बसतो.

दुसरी स्थिती बुशची. बुश म्हणजे राउटरच्या बुडाला मधोमध बसवलेली धातूची नळी. बिट तिच्या आतून खाली येतं आणि नळीची बाहेरची बाजू फर्म्याला टेकते. इथे बिट फर्म्याला स्पर्शच करत नाही, त्यामुळे साधं, बेअरिंग नसलेलं बिट चालतं आणि खाच हळूहळू खोल करत नेता येते. अंतर काढायचं गणित एका ओळीचं: बुशचा बाहेरचा व्यास वजा बिटचा व्यास, भागिले दोन. बुश १६ मिमी, बिट १० मिमी, तर अंतर ३ मिमी. लाकडात १०० बाय ६० चा खळगा हवा असेल तर फर्म्याचं भोक प्रत्येक बाजूला ३ मिमी मोठं, म्हणजे १०६ बाय ६६ ठेवायचं. बाहेरचा आकार कापायचा असेल तर उलट, फर्मा सगळीकडून ३ मिमी लहान.

बुशची नळी फर्म्याच्या जाडीपेक्षा आखूड हवी. ६ मिमीच्या फर्म्याला ८ मिमीची नळी लावली की नळीचं टोक लाकडावर टेकतं आणि राउटरचं बूड अधांतरी डुलायला लागतं. मी हे बराच वेळ मशीनचा दोष समजत होतो. शेवटी नळी हॅकसॉने कापून आखूड केली.

बुश बरोबर मध्यभागी आहे की नाही हेही पाहावं लागतं. तो अर्धा मिमी सरकलेला असेल तर राउटर एका बाजूने धरल्यावर अंतर साडेतीन आणि फिरवून धरल्यावर अडीच. शंकू लावून तो मध्यावर आणता येतो. तेवढी सोय नसेल तर राउटरची मूठ पूर्ण कामभर एकाच दिशेला ठेवायची. चूक राहते, पण सगळीकडे सारखी राहते, आणि सारखी चूक हिशोबात धरता येते.

याच गणितातून एक जादू निघते. लाकडात दुसऱ्या रंगाच्या लाकडाचा तुकडा जडवायचा असतो तेव्हा खळगा आणि तुकडा दोन्ही एकाच फर्म्यावरून कापता येतात. खळग्याला मोठा बुश, तुकड्याला लहान. खळग्यात आपल्याला बिटची बाहेरची कड हवी असते. तुकड्यात बिटच्या आतल्या बाजूला जे उरतं ते हवं असतं. म्हणून दोन बुशांच्या व्यासांतला फरक बिटच्या व्यासाच्या दुप्पट लागतो. ३ मिमीचं बिट घ्या, बुश १६ आणि १०. फर्म्याचं भोक ८० मिमी रुंद असेल तर खळगा ८० वजा १३, म्हणजे ६७. तुकडासुद्धा ८० वजा १३, म्हणजे ६७. पहिल्या वेळी १३ आले १६ मधून ३ वजा जाऊन, दुसऱ्या वेळी १० मध्ये ३ मिळवून. कागदावर हे एकदा स्वतः काढून पाहा, तेव्हाच पटतं. अट एकच, फर्म्याच्या आतल्या कोपऱ्यांची गोलाई मोठ्या बुशच्या त्रिज्येपेक्षा, म्हणजे इथे ८ मिमीपेक्षा, कमी नको. नाहीतर मोठा बुश कोपऱ्यात पूर्ण शिरत नाही, लहान शिरतो, आणि तुकडा बाकी सगळीकडे बसून चार कोपऱ्यांत अडतो.

सरळ रेषा आणि वर्तुळ

सरळ खाचेला राउटरच्या बुडाची कड पट्टीला टेकवून नेतात. इथे अंतर म्हणजे बुडाची त्रिज्या वजा बिटची त्रिज्या. बूड १५० मिमी, बिट १२ मिमी, तर ६९. दर वेळी खाचेच्या रेघेपासून ६९ मोजून पट्टी लावायची हे कंटाळवाणं काम आहे, आणि कंटाळलं की मोजमाप चुकतंच. त्यावरचा तोडगा मला सगळ्या जिगांत जास्त आवडतो, कारण त्यात मोजायचंच नसतं. पातळ प्लायची रुंद पट्टी घ्यायची, तिच्यावर एक जाड सरळ पट्टी चिकटवायची. प्लाय मुद्दाम जास्त रुंद ठेवायचा. मग राउटर जाड पट्टीला टेकवून एकदा शेवटपर्यंत न्यायचा. बिट जास्तीचा प्लाय स्वतःच कापून टाकतं. आता प्लायची जी कड उरली, तिथूनच बिट कापणार. ती कड पेन्सिलीच्या रेघेला लावली, क्लॅम्प कसले, संपलं. मात्र ही कड त्या बिटची आणि त्या राउटरची. बिट बदललं की जिग खोटं पडतं, म्हणून त्याच्यावर बिटचा व्यास पेनने लिहून ठेवायचा.

अशीच दोन जिग समोरासमोर ठेवली की कप्प्याच्या फळीसाठी नेमक्या रुंदीची खाच पडते. १८ मिमी म्हणून विकला जाणारा प्लाय मोजला तर अनेकदा १८ पेक्षा थोडा कमी भरतो. १८ च्या बिटने खाच पाडली की फळी त्यात खुळखुळते. त्याऐवजी जी फळी बसवायची तीच दोन कडांच्या मध्ये उभी धरायची, कडा तिला भिडवायच्या, क्लॅम्प करून फळी काढून घ्यायची आणि लहान बिटने एकदा या पट्टीला, एकदा त्या पट्टीला टेकून जायचं.

वर्तुळाला पट्टीऐवजी खिळा. राउटर एका लांब फळकुटावर बसवायचा, फळकुटाला दुसरीकडे भोक, भोकात खिळा, आणि कंपाससारखं फिरवायचं. घोळ होतो तो मोजण्यात. गोल चकती हवी असेल तर खिळ्यापासून बिटच्या जवळच्या कडेपर्यंत मोजायचं. गोल भोक हवं असेल तर लांबच्या कडेपर्यंत. १२ मिमीच्या बिटने भोक कापताना चुकून जवळच्या कडेपर्यंत मोजलं तर भोक व्यासात २४ मिमीने मोठं होतं, आणि मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. भोक कापताना आणखी एक गोष्ट: खिळा ज्या मधल्या तुकड्यात आहे तोच शेवटी सुटा होतो. सुटला की खिळ्याचा आधार गेला आणि बिट सैरावैरा झालं. म्हणून मधला तुकडा आधीच खालच्या टाकाऊ फळीला चिकटवून ठेवायचा.

लंबवर्तुळालाही असंच जिग आहे. एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचा, त्यात सरकणारे दोन खुंट आणि दोघांना जोडणारी दांडी. बिटपासून जवळच्या खुंटाचं अंतर म्हणजे आखूड बाजूची निम्मी लांबी, लांबच्या खुंटाचं अंतर म्हणजे लांब बाजूची निम्मी. टेबलाचा वरचा भाग या जिगाने कापला जाताना पाहणं हा स्वतंत्र आनंद आहे.

फर्मा करताना

वळणदार आकाराला मात्र पट्टी चालत नाही, खिळाही नाही. तिथे फर्मा हाताने करावा लागतो, आणि खरा वेळ तिथेच जातो, जायलाच हवा. खुर्च्यांचे आठ पाय कापायचे असले तर माझे तीन तास फर्म्यात जातात आणि पायांना एक. लोकांना हे उलटं वाटतं.

समजा, पायाला एक हलकं वळण द्यायचं आहे. मी ६ मिमीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) घेतो, त्यावर तीन खिळे अर्धवट ठोकतो आणि सरळ रेष्यांची एक बारीक लवचिक लाकडी पट्टी त्यांच्यावरून वाकवतो. पट्टी स्वतःच्या स्वभावाने जे वळण घेते ते हाताने काढलेल्या वळणापेक्षा नेहमी देखणं असतं. पेन्सिलीने रेघ मारायची. करवतीने रेघेच्या बाहेर दीड-दोन मिमी सोडून कापायचं. मग कानस, आणि शेवटी वाकणाऱ्या पट्टीवर चिकटवलेला पॉलिश पेपर. बोटाने कागद धरून घासलं तर बोट खड्ड्यात शिरतं आणि खड्डा आणखी खोल करतं. पट्टी फक्त उंचवटे खाते.

आता डोळे मिटून बोटाची शेंडी कडेवरून फिरवायची. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटाला कळतं. मग फर्मा डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे पाहायचं. मी एकदा ही पायरी घाईत टाळली. फर्म्यावर नखाएवढ्या जागेत अर्धा मिमी खळगा होता. आठच्या आठ पायांत तो उतरला आणि कच्च्या लाकडात दिसलाही नाही. पॉलिश चढलं, तिरपा उजेड पडला आणि आठ पायांवर आठ माश्या चमकल्या. आडात होतं ते पोहऱ्यात आलं.

कड काटकोनात आहे का हे गुण्या लावून पाहणं विसरू नका. बेअरिंग कडेवर एकाच उंचीवर टेकतं. कड तिरकी असेल तर बिट वर-खाली केल्यावर बेअरिंग वेगळ्या जागी टेकतं आणि आकार बदलतो.

फर्मा वस्तूइतकाच लांब ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. दोन्ही टोकांना ३० ते ४० मिमी जास्त हवा, म्हणजे पातं लाकडाला लागण्याआधी बेअरिंग फर्म्याला टेकलेलं असतं आणि लाकूड संपल्यावरही टेकलेलं राहतं. ते नसलं तर बिट टोकाचा कोपरा पकडतं आणि हिसका देऊन टवका काढतं.

हा पहिला फर्मा मी कामाला लावत नाही. पातळ असल्याने तो घासायला सोपा असतो, पण बेअरिंगला टेकायला १२ मिमी बरा. म्हणून पहिल्यावरून १२ मिमीचा दुसरा काढतो आणि पहिला टांगून ठेवतो. कामातला खराब झाला की पुन्हा प्रत. एमडीएफची कड मऊ असते. बरेच पाय कापले की बेअरिंगने तिच्यावर बारीक घळ पडते. कडेला पातळ सुपरग्लू पाजून वाळवला आणि हलकेच घासला तर ती बरीच टणक होते. प्लायचा फर्मा टिकतो जास्त, पण प्लायच्या थरात कधी पोकळी निघते आणि बेअरिंग नेमकं तिच्यात घसरतं. जे काम वर्षानुवर्षं चालणार त्याला अ‍ॅक्रिलिक चांगलं. आरपार दिसत असल्याने लाकडाचे रेषे पाहून फर्मा ठेवता येतो.

आतल्या कोपऱ्यांबद्दल एक कटू सत्य: गोल फिरणारं पातं टोकदार आतला कोपरा कापू शकत नाही. १९ मिमीच्या बिटने साडेनऊ मिमीपेक्षा घट्ट वळण मिळणार नाही, फर्म्यात काहीही असो. काटकोन हवा असेल तर शेवटी पटाशी.

पकड

फर्मा लाकडाला चिकटणं हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण मला वाटतं निम्मे अपघात इथे होतात. दुहेरी चिकटपट्टी चालते, पण दोन्ही पृष्ठांवर भुसा नको आणि चिकटवल्यावर क्लॅम्पने काही क्षण दाबायलाच हवं. नुसत्या हाताच्या दाबाने ती नीट धरत नाही. दुसरी युक्ती अशी की दोन्हीकडे कागदी मास्किंग टेप लावायचा आणि दोन टेपांच्या मध्ये सुपरग्लू. धरतं घट्ट, आणि टेप सोलला की डाग नाही. लाकडाचा काही भाग नंतर कापून टाकायचाच असेल तर तिथे सरळ स्क्रू मारावेत, याहून भरवशाचं काही नाही.

एकासारखे बरेच तुकडे काढायचे असतील तर फर्म्यालाच अडण्या आणि टॉगल क्लॅम्प बसवायचे: तुकडा अडणीला भिडवा, खटका दाबा, कापा, काढा. यात एक खोडसाळ चूक लपलेली असते. अडणीच्या कोपऱ्यात भुशाचा कण अडकतो आणि पुढचा तुकडा तेवढा सरकून बसतो. अडणीच्या मुळाशी बारीक खाच ठेवली की भुसा तिच्यात जातो.

कोणत्या दिशेने?

दिशेबद्दल नियम सांगतात ते असे: बाहेरच्या कडेने जाताना घड्याळाच्या उलट, आतल्या भोकात घड्याळासारखं, पट्टीला टेकताना तिसरंच काहीतरी. तीन नियम कोण लक्षात ठेवणार? मुळात एकच आहे. हातातला राउटर पुढे सरकत असताना टेकू डाव्या हाताला हवा. बिट वरून पाहिलं तर घड्याळासारखं फिरतं, त्यामुळे पुढे ढकलताना लाकूड मशीनला डावीकडे रेटतं. टेकू डावीकडे असला की हाच रेटा मशीनला टेकूवर घट्ट बसवतो. उजवीकडे असला की टेकूपासून दूर नेतो. फळीच्या बाहेरून घड्याळाच्या उलट चाललात तर फळी तुमच्या डावीकडेच येते. भोकाच्या आतून घड्याळासारखं गेलात तर भोकाची भिंत डावीकडे. राउटर टेबलाखाली उलटा बसवला असेल तर तिथे लाकूड सरकतं, मशीन नाही, आणि पट्टी पलीकडे असताना लाकूड उजवीकडून डावीकडे द्यायचं.

उलट्या दिशेने गेलं तर पातं लाकडावर चाकासारखं चढतं आणि मशीन पळत सुटतं. कसलेले लोक शेवटचा अर्धा मिमी मुद्दाम असा घेतात, कारण त्याने टवके उडत नाहीत. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये, आणि टेबलावर तर कधीच नाही, कारण तिथे लाकूड हातातून हिसकावलं जातं आणि हात पात्याच्या दिशेने जातो.

दिशा बरोबर असूनही वळणावर टवके उडतातच. वळणाच्या एका बाजूला पातं रेषे दाबत जातं, दुसऱ्या बाजूला उचकटत जातं. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडे फिरवणं आणि डोक्याकडे फिरवणं, एवढा फरक. म्हणून राउटरला काम थोडं द्यायचं. करवतीने आधीच फर्म्याच्या रेघेपासून दीड-दोन मिमीपर्यंत आणलेलं असलं की उचकटायला फारसं काही उरत नाही. आणि दोन्हीकडे बेअरिंग असलेलं बिट इथे कामी येतं: जिथवर रेषे अनुकूल तिथवर एका बाजूने कापायचं, मग लाकूड फर्म्यासकट उलटं करून बिटची उंची बदलायची आणि उरलेला भाग दुसरीकडून. उलटं केल्यावर रेष्यांची दिशा आपल्या बाजूने होते. फळीच्या आडव्या टोकांना, जिथे रेषे संपतात, आधी कापून घ्यावं. तिथे उडालेला टवका नंतर लांब बाजू कापताना निघून जातो.

वेग, खोली, भुसा

मोठ्या बिटला वेग कमी हवा. ५० मिमीचं बिट २४,००० फेऱ्यांवर चालवलं तर पात्याचं टोक सेकंदाला ६३ मीटर, म्हणजे तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या वर पळतं. एवढी बिटं १०,००० ते १२,००० वर चालवतात. खोली एका दमात घेऊ नये. १२ मिमीच्या बिटने ४ ते ६ मिमीचा एक थर पुरे. कान उघडे ठेवा: मशीनचा आवाज दबला तर तुम्ही जास्त मागताय, आणि एका जागी थबकलात तर लाकूड जळून काळं पडणार.

बिट कॉलेटमध्ये, म्हणजे मशीनच्या बिट धरणाऱ्या पकडीत, तळापर्यंत खुपसून कसू नये, दोन-तीन मिमी वर उचलावं, नाहीतर कॉलेट नीट आवळत नाही. बिट बदलताना प्लग काढलेला, डोळ्यांवर चष्मा, कानांवर मफ. भुशाला हलकं घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींत टाकला आहे. एमडीएफची धूळ तर इतकी बारीक की ती दिसण्याआधी नाकात गेलेली असते.

जाड, पीळ पडलेली मोठी फळी सपाट करायचं जिगही याच कुळातलं. दोन बाजूंना दोन समांतर रूळ, त्यावर सरकणारा पूल, पुलावर राउटर, खाली ३०-४० मिमीचं रुंद बिट. फळीचे डुलणारे कोपरे पाचरांनी टेकवायचे आणि एका वेळी एक-दोन मिमी असे पट्टे घेत जायचं. इथे टेकू आहे पूल, आणि पुलाची चूक फळीत उतरते. माझा पहिला पूल नुसत्या आडव्या प्लायचा होता. राउटर मधोमध आला की त्याच्या वजनाने पूल किंचित लवायचा, आणि फळी मध्यभागी बशीसारखी खोलगट निघाली. पुलाला दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या मारल्यावर ते थांबलं.

माझ्या भिंतीवर आता वीसेक फर्मे टांगलेले आहेत. प्रत्येकावर पेनने बिट, बुश, अंतर आणि कोणती बाजू वर हे लिहिलेलं. एकावर मात्र काहीच नाही. बिजागरीच्या खाचेचा आहे एवढं आकारावरून कळतं, पण बुश १६ चा लावायचा की १७ चा ते करतानाच लिहायला हवं होतं. गेल्या खेपेला काम अडलं तेव्हा टाकाऊ तुकड्यावर दोन्ही लावून पाहिले. १६ ने पाडलेल्या खाचेत बिजागरी सैल बसली, १७ ने पाडलेल्या खाचेत अंगठ्याने दाबल्यावर टक्‌ करून बसली. तिथेच उभ्या उभ्या लिहून टाकलं.